खोकणारा जावई

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

ही डायरी जानेवारीत पशुखाद्याच्या दुकानातून फुकट मिळाली. कोसबाडच्या गुरांच्या शिबिरात शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की कुठल्या गायीने किती दूध दिलं ते रोज लिहून ठेवा. ते मिथुन मोबाइलमध्ये लिहितो. म्हणून आठ महिने ही डायरी तांदळाच्या डब्यावर झाकण होती. आज काढली, कारण घरात जे चाललंय ते कुणाला तरी सांगायला हवं आणि दूध काढणाऱ्या सोनूबाईला सांगितलं तर उद्या दूध काढून होईपर्यंत अख्ख्या कैनाड गावाला कळेल.

माझ्या मुलाने माझं काम काढून घ्यायचं ठरवलं आहे.

तीन वर्षांपूर्वी मिथुनने गोठा नवा बांधला. जुन्यात खोल गव्हाण होती. नव्यात गायी लोखंडी पाइपांतून मान बाहेर काढतात आणि समोरच्या सपाट कोब्यावर टाकलेली वैरण खातात. दिसायला झकास. पण गाय काही शहाण्यासारखी जेवत नाही. चांगलं निवडते, बाकीचं नाकाने पुढे लोटते, आणि तासाभरात वैरण तिच्या जिभेच्या पलीकडे जाते. मग बाईसाहेब बसून रवंथ करणार. म्हणून दिवसातून दहा-अकरा वेळा कुणीतरी जाऊन ती वैरण परत आत सारायची. हे कुणीतरी म्हणजे मी. फळीला बांबूचा दांडा ठोकलेलं माझं एक लोटणं आहे. मी कोब्यावर फिरले की सोळाच्या सोळा गायी उठून उभ्या राहतात. मिथुनचे वडील आठ वर्षांपूर्वी गेले तेव्हा दोनच गायी होत्या, त्या सोळा झाल्या त्या माझ्या अशा राबण्याने.

तर मिथुन जेवताना म्हणाला, "आई, तुझी पाठ दुखते ना, म्हणून मी एक मशीन बनवतोय. ते वैरण ढकलेल."

माझी पाठ कधी दुखली ते मला आठवत नाही. रुपल, म्हणजे सूनबाई, ताटात बघत होती. याचा अर्थ तिला आधीच माहीत होतं. (इथे ओळ वाकडी गेली, ठसका लागला. पेंढा यंदा दमट आहे, झटकला की पांढरा धूर उडतो. तो नाकात गेला की थोडं खोकायला होतं, बाकी काही नाही.)

९ सप्टेंबर, मंगळवार

पितृपंधरवड्यात कुणी नवा पापड भाजत नाही, आणि आमच्याकडे मशीन सुरू झालं. मी बोलले तर मिथुन म्हणाला की पूर्वजांना आवडेल. त्याच्या वडलांना तर साधा मिक्सर आवडत नव्हता.

मशीन म्हणजे निळं प्लास्टिकचं पिंप. अर्ध्यापर्यंत काँक्रीट भरलेलं, खाली मोडक्या व्हीलचेअरची मोटर आणि चाकं, भोवती गोल फिरणारा टायर. टायर फिरतो आणि वैरण आत सारतो. एका बाजूला दोन गोल डोळे आहेत, मिथुन त्यांना सेन्सर म्हणतो. ते पाइपांपासून हातभर अंतर राखून चालायला सांगतात. हे सगळं मिथुन उंबरगावच्या कंपनीतून सुट्टी झाल्यावर मागच्या खोलीत बनवत होता. मला वाटत होतं तो रुपलला कपाट करून देतोय.

मी त्याचं नाव जावई ठेवलं. मला मुलगी नाही, तरी घरात एक आला. फुगलेलं पोट, जरा फिरला की भिंतीला टेकून चार्जिंग, आणि सगळे त्याच्यासाठी वाट सोडून उभे. नाव सगळ्यांना पटलं. फक्त मिथुनला वाईट वाटलं, कारण त्याने काहीतरी इंग्रजी नाव ठरवलं होतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

जावई वैरण सारतो. अगदी सरळ रेघेत, मला मानावं लागेल. पण एकही गाय उठत नाही.

तो घूं करत या टोकापासून त्या टोकाला जातो, वैरण तोंडाशी आणून ठेवतो, आणि गायी बसल्या बसल्या त्याच्याकडे बघतात. मोरीने तर शेपूटही हलवली नाही. मोरी आमची सगळ्यांत मोठी गाय, ती उठली की बाकीच्या उठतात. मी नुसती दारात उभी राहिले. तोंडावर काय होतं ते मला माहीत नाही, पण मिथुन म्हणाला, "आई, हसू नको."

माणूस आणि पिंप यात फरक असतो. माझ्या "या गं बायांनो" या हाकेत आठ वर्षांची माया आहे. गायींना ती कळते.

१५ सप्टेंबर, सोमवार

दूध कमी आलं. मिथुनने जावयाच्या गळ्यात पितळी घंटा बांधली. गायींनी कान हलवले, उठल्या नाहीत. मग मोबाइलवर बासरी लावली. दोघी जास्तच पसरून बसल्या. मग रुपलला हाक मारायला लावली. तिचं माहेर तलासरीचं, शिक्षण गुजरातीत, हाकही तशीच. "चालो चालो, उठो ने" म्हणत ती जावयामागून चालली. गायींनी तिच्याकडे परक्या गावच्या पाहुणीकडे बघावं तसं बघितलं. मी पदर तोंडात धरला होता.

मी लोटणं घेऊन पुढे झाले तर रुपल मध्ये आली. "मम्मी, तुम्ही बसा ने, मी करते." गोड बोलून माणसाला जागेवरून कसं उठवायचं ते तिच्याकडून शिकावं. महिन्यापासून हेच चाललंय. मी घरात असले की मिरचीची फोडणी करत नाही, भाजी आजाऱ्याच्या ताटासारखी फिकी. अंथरुणाजवळ गरम पाण्याचा तांब्या ठेवते. हळूहळू म्हातारी ठरवायचं काम चालू आहे. मी बावन्न वर्षांची आहे.

आणखी एक. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती पेन्सिलीने बारीक रेघा मारते. चार उभ्या, एक आडवी. मी विचारलं कसल्या रेघा. म्हणाली, काही नाही. मला कळलं आहे. मी तिला दिवसातून किती वेळा बोलते ते मोजते. काल चौतीस रेघा होत्या. एवढं मी बोलत नाही, फार तर वीस.

२० सप्टेंबर, शनिवार

आज जे झालं ते लिहावं की नाही याचा दुपारभर विचार केला.

दुपारी जावई फिरत होता, गायी नेहमीप्रमाणे बसलेल्या. मी गोठ्याच्या मागे गवताच्या भाऱ्यातून चांगलं गवत निवडत होते, त्यांना दिसणार नाही अशी. गवत झटकलं आणि उबळ आली. जरा जोराचीच. डोळ्यांत पाणी आलं, खांब धरून उभी राहिले. आतून धडधड ऐकू आली. सोळा गायी एकदम उठल्याचा आवाज.

सोनूबाई आत शेण भरत होती. ती माझ्याबरोबर पहिल्या दोन गायींपासून आहे, दूध काढते आणि तोंड चालवते. ती बाहेर आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"तुझे हाकेला नाय उठत गं बाय," ती म्हणाली. "तुझे खोकल्याला उठतात."

मी म्हटलं, काहीतरी बोलू नको. तर तिने मिथुनला हाक मारून सांगितलं. मिथुनने गायी बसेपर्यंत वाट बघायला लावली आणि मला हाक मारायला सांगितलं. मी मारली. या गं बायांनो. मायेने मारली. मोरी रवंथ करत राहिली. दुसऱ्यांदा मारली. मग मारावी लागली नाही, कारण तिसऱ्या हाकेच्या आधीच ठसका लागला आणि सगळ्या उठल्या.

आठ वर्षं मी त्यांना हाक मारत होते. आणि त्या वाट बघत होत्या की ही बाई खोकते कधी.

२१ सप्टेंबर, रविवार

गायींशी बोलले नाही. त्यांना फरक पडला नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

मिथुनला आता जावयाच्या पोटात माझा खोकला भरायचा आहे. छोटा स्पीकर आणला आहे. मला म्हणाला, खोक. आता खोक म्हटल्यावर कुणाला येतो? मी शाळेला दांडी मारताना काढायचे तसा काढून बघितला. तो जावयाने वाजवला. गायींना दोन मिनिटांत कळलं की हा खोटा आहे. आमच्या हेडमास्तरांना दहावीपर्यंत कळलं नव्हतं.

म्हणून दोन दिवस मिथुन माझ्यामागे मोबाइल घेऊन फिरतो आहे. लग्नात व्हिडिओवाला फिरतो तसा. मी खोकणार असं वाटलं की पुढे येतो, आणि तो पुढे आला की मला हसू येतं आणि खोकला जातो. शेवटी आज मी त्याला लांब उभं केलं आणि कालचा पेंढा जोरात झटकला. चांगला आला. सुरुवातीला दोन सुटे, मग लांबलचक, शेवटी श्वास ओढण्याची शिट्टी. मला वाटलं, छान झालं, आता पोराचं काम होईल.

त्याने तिथेच उभं राहून तो परत ऐकला. मग परत. चेहरा पार उतरला होता. मी म्हटलं, काय झालं, बिघडला का? म्हणाला, "नाही आई, स्पष्ट आलाय."

बॅटरीचा काहीतरी घोळ असणार. तो जेवलाही नाही नीट.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

चाललं. जावई खोकत खोकत गोठ्यात शिरला आणि सोळाच्या सोळा उठल्या. मोरी सगळ्यांत आधी. सोनूबाई हसून हसून बादलीवर बसली. म्हणाली, आता जावयाला काढा पाजा.

सकाळी पाचपासून रात्री नऊपर्यंत अकरा वेळा फिरतो. कधी विसरत नाही, कधी कुणाच्या लग्नाला जात नाही. मिथुनने मोबाइल बघून सांगितलं की दूध पूर्वीच्या वर गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

२९ सप्टेंबर, सोमवार

सकाळी वाल सोलले. दुपारी वाल सोलले. चौदा जणांना पुरतील एवढे वाल झाले, आम्ही तिघं आहोत.

गोठ्यात जायला निघाले तर रुपल दारात. काही हवंय का मम्मी? काय सांगणार, मला गोठा हवाय?

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

आजच्या दिवसाचा दोष माझ्यावर आहे, असं सगळे म्हणतात. मी लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी वाढवून सांगायला नको.

दसऱ्याला आपण अवजारांची पूजा करतो. विळा, कोयता, कुट्टीचं यंत्र, दुधाच्या कॅन, मिथुनची मोटरसायकल, सगळं धुऊन ओळीत मांडलं. माझं लोटणं मी आधी मांडलं. जावई कोपऱ्यात उभा. माझं त्याच्याशी पटत नसेल, पण अवजार ते अवजार. त्याने काय पाप केलंय? झेंडूचा हार घातला, आपट्याचं पान ठेवलं, आणि गंध लावायला गेले. आता पिंपाला कपाळ कुठे असतं? डोळे होते, म्हणून डोळ्यांच्या मध्ये लावलं. कुंकू तेलात कालवलेलं होतं, ते ओघळलं. वर अक्षता टाकल्या, त्या चिकटल्या. मला वाटलं छान दिसतोय, नवरदेवासारखा.

चारच्या फेरीला जावई निघाला. डोळ्यांत कुंकू आणि तांदूळ. त्याला वाटलं पाइप अगदी अंगावर आलेत, म्हणून तो लांब सरकला. आणखी लांब. हार घालून, खोकत, तो सरळ गोठ्याच्या मागच्या दारातून बाहेर पडला. सोनूबाई ओरडली की जावई रुसून चालला. मिथुन धावला. पण आमचा मागचा उतार शेणखड्ड्याकडे जातो, आणि काँक्रीट भरलेलं पिंप उतारावर कुणाचं ऐकत नाही.

शेणखड्ड्यातून तो आणखी एकदा खोकला. मग शांत झाला.

दोर बांधून सहा माणसांनी ओढून काढला. मिथुनने बादलीभर पाण्याने त्याचे डोळे धुऊन बघितले. सेन्सर वापीहून आणावे लागतील, चार दिवस तरी जातील म्हणाला. मग हळू आवाजात रुपलशी काहीतरी बोलला, आणि दोघं माझ्याकडे बघत होती.

मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर झोपताना मी उद्याच्या पाच वाजताच्या फेरीचा विचार करत होते.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

गोठा परत माझा. मिथुन सातला कंपनीत गेला. रुपल माझ्या आधी उठून लोटणं घ्यायला गेली, पण ते मी रात्रीच माझ्या खाटेखाली ठेवलं होतं. तिने मागितलं. मी दिलं नाही. तिने ओढणी भिजवून आणली आणि नाकाला बांधा म्हणाली. मी म्हटलं, मी काय दरोडा घालायला चालले आहे?

अकरा फेऱ्या केल्या. पावसात भिजलेले भारे आता सुटलेत, नुसता पांढरा धुरळा. प्रत्येक फेरीला गायी उठल्या. आता मला माहीत आहे कशामुळे, तरी बरं वाटलं. संध्याकाळी छातीत जरा भरल्यासारखं झालं. सवय गेली की असं होतंच.

कॅलेंडरवर आज एकाहत्तर रेघा. मी दिवसभर तिच्याशी धड बोललेही नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

चौथ्या फेरीला

८ ऑक्टोबर, बुधवार

परवापर्यंत डहाणूला दवाखान्यात होते. आज हातात पेन धरवतं आहे, म्हणून फेरीला निघता निघता लिहायला घेतलं आणि वर अर्धं राहिलं ते पुरं करते.

शनिवारी मिथुन कामावर गेला होता. अंगात कणकण होती, तरी गेले. चौथ्या फेरीला अर्ध्यात खोकला सुरू झाला तो थांबेना. श्वास बाहेर जात होता, आत येत नव्हता. मी लोटण्यावर भार देऊन उभी राहिले, मग बसले, मग कोब्यावर आडवी झाले, वैरणीत. सोळा गायी उठून उभ्या होत्या आणि पाइपांतून माना काढून माझ्याभोवतीची वैरण खात होत्या. मोरीने माझ्या केसातलं गवत ओढलं. मला वाटलं, मेले तर ह्या माझ्या डोक्याखालचंही संपवतील आणि मग रवंथ करतील.

रुपल धावत आली. तिने मला पाठीवर घेतलं. ती काडीसारखी पोरगी, आणि मी काही काडी नाही. रस्त्यापर्यंत नेलं, शेजाऱ्यांची रिक्षा थांबवली आणि डहाणूपर्यंत माझं तोंड बाहेरच्या वाऱ्याकडे धरून बसली. मध्येच गुजरातीत देवाला काहीतरी दमात घेत होती.

सोमवारी बरं वाटल्यावर डॉक्टरांनी विचारलं, खोकला किती दिवस? मी म्हटलं अधूनमधून. किती वेळा? चार-पाचदा. ते म्हणाले, जरा खोकून दाखवा. मी म्हटलं, सांगून येत नाही. औषधाने तो नेमका गप्प बसला होता.

तेव्हा मिथुनने मोबाइल काढला आणि लावला. आधी दोन सुटे, मग लांबलचक, मग शिट्टी. बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावले. डॉक्टरांनी तीन वेळा ऐकलं. म्हणाले, हा आवाज तुम्ही रेकॉर्ड कशाला केला?

"गायींना उठवायला," मिथुन म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

मग रुपलने पिशवीतून गुंडाळी काढली. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर होतं, भिंतीवरून उतरवून आणलेलं. तिने ते टेबलावर पसरलं आणि दाखवलं. ऑगस्टमध्ये रोजचे वीस-बावीस. सप्टेंबरात तीस, चाळीस. मशीन नीट चाललं त्या आठवड्यात उतरत उतरत अकरा. दसऱ्यानंतर एकाहत्तर. एका एका रेघेला एक खोकला. रात्रीचे वेगळे, गोल काढलेले.

मी बोलण्याच्या रेघा समजत होते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. इथेच राहू दे.

डॉक्टर म्हणाले, "पेंढ्यावरच्या बुरशीची धूळ आहे ही. वर्षानुवर्षं आत गेली आहे. आता थांबलात तर आहे ते फुप्फुस टिकेल. नाही थांबलात तर घरातला जिना चढायलाही माणूस लागेल."

मी म्हटलं, आमच्या घराला जिना नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मिथुनला विचारलं, माझी पाठ दुखते असं तुला कुणी सांगितलं?

तो म्हणाला, "तुला धूळ सोड म्हटलं असतं तर सोडली असतीस?"

नसती सोडली. मी तसं सांगितलंही. मग आम्ही दोघं वाल खात बसलो. संपता संपत नाहीत.

१३ ऑक्टोबर, सोमवार

तोंडाने ओढायचा पंप दिला आहे, सकाळ-संध्याकाळ दोनदा. सोनूबाईने हातात घेऊन बघितला, वास घेतला, म्हणाली याला काही चव नाय. ती आता नाकाला फडकं बांधते. भिजलेले भारे मिथुनने खताच्या ढिगावर टाकले, आणि सुकी वैरण टाकण्याआधी तिच्यावर पाणी शिंपडतात. मी फक्त घरापुढच्या ओट्यापर्यंत. ओट्याच्या पुढे गेले की रुपल हजर. ही पोरगी भांडी घासत असते आणि कान माझ्याकडे असतात.

सेन्सर आले. जावई धुऊन, वाळवून परत गोठ्यात उतरला. मिथुनने त्याच्या डोळ्यांवर प्लास्टिकचं छप्पर बसवलं आणि बाजूला लिहिलं, इथे गंध लावू नये. हे घरात कुणासाठी लिहिलंय ते सगळ्यांना माहीत आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वाघबारस

आज वेशीवरच्या वाघोबाला नारळ. दरवर्षी त्याला सांगायचं, आमच्या गुरांना सांभाळ. वाघ आता कुठे राहिलेत? बिबट्या येतो कधीतरी, तो कोंबडीवर भागवतो. पण सांगायचं ते सांगायचं. मी नाही गेले, चढण आहे. मिथुन गेला. मी ओट्यावर खाट टाकून बसले. गायींच्या शिंगांना सोनूबाईने गेरू लावला होता. मी लांबूनच कुणाचं शिंग राहिलं ते सांगत होते.

पाच दिवस झाले, मी खोकलेली नाही. एकदाही नाही. ऑक्टोबरच्या पानावर रविवारच्या एका रेघेनंतर काही नाही.

चारची फेरी झाली. गोठ्यातून आवाज आला. दोन सुटे, मग लांबलचक. मी तो इतक्या शांतपणे कधी ऐकला नव्हता. गोठ्यात असताना मी खोकायच्या गडबडीत असायचे, दवाखान्यात लाजेने मान खाली होती. आज ओट्यावर काही काम नव्हतं, म्हणून पूर्ण ऐकला. तो संपतच नाही. मध्ये वाटतं की आता ही बाई परत श्वास घेणार नाही. मग ती शिट्टी येते. हे आम्ही तिघं एका घरात राहत असताना ती दोघं भिंतीपलीकडून रात्रंदिवस ऐकत होती, आणि मी फोडणीवरून भांडत होते. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात रुपल स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. हात पिठाचे, कानावर पेन्सिल. माझ्याकडे बघितलं. मी बसलेली, तोंड मिटलेलं. मग गोठ्याकडे बघितलं. "जावई," ती स्वतःशीच म्हणाली आणि परत आत गेली.

साडेपाचच्या फेरीलाही आली. मग सातच्या. या वेळी हातात तांब्या होता. तिला माहीत आहे की ते मशीन आहे, वेळही पाठ आहे. तरी येते. दिवसातून अकरा वेळा.

रात्री जेवताना मी मिथुनला सांगितलं, तो खोकला काढून टाक. तो म्हणाला, गायी उठणार नाहीत, दूध जाईल. मी म्हटलं, मग रोज थोडा बारीक कर, आणि त्याच्याबरोबर दुसरी हाक लाव. गायी शिकतील. माझा खोकला शिकल्या, तर दुसरं का नाही शिकणार?

तो म्हणाला, तुझीच हाक भरू, या गं बायांनो. तो मुद्दाम म्हणाला, मला बरं वाटावं म्हणून. मला वाटलंही. पण माझ्या हाकेची परीक्षा झालेली आहे आणि निकाल मला माहीत आहे.

मी रुपलला म्हटलं, तुझी भर. तिने ताटातून मान वर केली. म्हणाली, मम्मी, माझ्या हाकेला त्या नाही उठत. मी म्हटलं, ज्याला रोज ऐकतात त्याला उठतात, माझंही तसंच झालं. उद्या सकाळी आपण दोघी ओट्यावर बसून भरू. तू हाक मार, मी चुकलं तर सांगते.

आता झोपायला जाते. खाटेखालचं लोटणं काढून रुपलच्या खोलीच्या दाराशी ठेवलं आहे, मशीन बिघडलं तर लागेल. नाकाला फडकं बांधूनच घे, असं तिला सांगितलं. गोठ्यात यापुढे "चालो चालो" चालेल. मोरी या वयात गुजराती शिकणार, आणि मी ओट्यावर बसून बघणार.